मानाचं पहिलं नाव

किसनसिंगांच्या सदऱ्याच्या खिशात, बरोबर छातीवर, फोन थरथरला आणि त्यांना वाटलं, झालं, आता हेही आपल्यावरच आलं.

"आला का ओटीपी, आबा?" पडद्यावरची नजर न काढता प्रियंकानं विचारलं. दारव्ह्यात कृषी केंद्राला लागून तिचं ऑनलाइन सेवेचं दुकान होतं. भिंतीपलीकडून फवारणीच्या औषधाचा उग्र वास यायचा. आज तर पीक विमेवाल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. सातबारे हातात गुंडाळून माणसं उभी होती, एकमेकांच्या खांद्यावरून आत डोकावत होती, आणि त्या सगळ्यांच्या वाटेत, एकुलत्या एका लाकडी स्टुलावर किसनसिंग बसले होते. बाजूला त्यांची नात रंजिता, तिच्या मागे मुलगा संजय. रंजिताच्या इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस होता. कुठली कॉलेजं हवीत ती क्रमानं लावायची आणि फॉर्म पक्का करायचा. पक्का करायचा तर आकडे लागणार, आणि आकडे येणार किसनसिंगांच्या फोनवर. घरातल्या बाकी सगळ्यांचे नंबर बदलत राहिले होते. संजय तर कुठली तरी नवी स्कीम निघाली की सिम बदलायचा. किसनसिंगांनी कधी बदललं नाही. बदललं तर लोकांना फोन करून कळवावं लागेल, हा एवढाच संकोच. त्या संकोचापायी घरातल्या प्रत्येक कागदावर त्यांचाच नंबर चढत गेला होता, आणि ते कोणाशी बोलत नसले तरी सरकार त्यांच्याशी सारखं बोलत असायचं.

त्यांनी फोन काढला, दूर धरला, जवळ धरला. सहा आकडे होते. सांगायचेच ते. पण रांगेतले लोक आपल्याकडे पाहताहेत असं वाटून त्यांनी नजर उचलून पडद्यावर ठेवली. पडदा काय, माणसाच्या डोळ्यांपेक्षा बरा. आणि पडद्यावर, यादीच्या पहिल्या ओळीत, यवतमाळच्या त्या कॉलेजचं नाव होतं.

सकाळी तिथे पुण्याचं सरकारी कॉलेज होतं. त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पुणं, मग मुंबई, मग नागपूर, अमरावती, आणि सगळ्यात शेवटी यवतमाळचं हे खासगी कॉलेज, जिथे त्यांचा चुलत पुतण्या पूनमसिंग शिकवतो. मधे एका म्हाताऱ्या बाईंना बसायला जागा द्यावी म्हणून ते स्टूल सोडून बाहेर टपरीवर गेले होते. अर्धा कप चहा प्याले असतील. तेवढ्यात खालचं वर आणि वरचं खाली झालं होतं.

"बाबा, आकडे सांगा ना. लोकं थांबून राह्यले," संजय म्हणाला.

"हे..." किसनसिंग म्हणाले. "हे वरतं कसं आलं?"

"काय म्हणता?"

त्यांना आयुष्यभर लोक हेच विचारत आले होते. काय म्हणता? त्यांचा आवाज घशातून निघायचा खरा, पण ओठांपाशी येईपर्यंत त्याचा विचार बदललेला असायचा. दारव्ह्याच्या सार्वजनिक वाचनालयात ते ग्रंथपाल होते. तिथे या आवाजाचं कौतुक व्हायचं, शांतता पाळणारा माणूस म्हणून. शांतता पाळायला त्यांना काहीच करावं लागत नव्हतं. कुणी विचारलं, भाऊ, एखादी चांगली कादंबरी द्या, तर ते म्हणायचे, ही बरी आहे म्हणतात. स्वतः दोनदा वाचलेली असायची, एकदा तर डोळे पुसत, तरी 'म्हणतात' हा शब्द त्यांना सोडवत नव्हता. मला आवडली, असं म्हणायला कुठून तरी परवानगी लागते आणि ती आपल्याकडे नाही, असं त्यांना वाटायचं. पुस्तकांचं मात्र बरं होतं. प्रत्येकाला एक क्रमांक, त्या क्रमांकाप्रमाणे एक जागा. खालच्या फळीवर ठेवलं म्हणून कुठलं पुस्तक कधी रुसलं नव्हतं.

"कॉलेज," त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "यवतमाळचं. सकाळी खाली होतं."

"हो. मी वर घ्यायले लावलं." संजयनं आवाज खाली आणला, पण त्याचा खालचा आवाजही कृषी केंद्रापर्यंत जायचा. "पूनमदादाचा फोन आलता. म्हणे, आमचं टाकलं ना? मी म्हटलं, पयलंच टाकलं. मंग काय म्हणू? अकरावी-बारावीची दोन वर्सं पोरगी त्याच्या घरी राह्यली. वहिनीनं डबे करून देल्ले. त्यानं त्याच्या प्रिन्सिपलले बी सांगतलं, आमची पोरगी येऊन राह्यली म्हून. आन् अलॉटमेंटच्या कागदावर लिहून येते बाबा, कितव्या नंबरवर टाकलतं थे. उद्या तिथीच लागली आन् त्यानं पाह्यलं का आपण त्याले सगळ्यायच्या खाली टाकलं, तं?"

"पण पयलं..."

"पयलं नाव मानाचं. पत्रिकेत नाही का टाकत? खाली पुणं हायेच. तिचे मार्क एवढे हायेत, कॉम्प्युटर सोताच ओढून नेईन तिले वरच्या कॉलेजले. थो काय मानपान पाह्यते का? थो मार्क पाह्यते."

रांगेतला एक जण म्हणाला, "बरोबर हाय भाऊ. माह्या भाच्याचं बी तसंच झालतं." काय तसंच झालं होतं, ते त्यानं सांगितलं नाही. निकाल लागल्यापासून असंच चाललं होतं. बोरी अरबला जीपमध्ये बसलं की ड्रायव्हर सांगायचा, कॉम्प्युटर नोको घेऊ, आता त्यात काही राह्यलं नाही. न्हावी सांगायचा, कॉम्प्युटरच घ्या. शेजारच्या तांड्यातला कोणी एक राजूरच्या खाणीत लागलेला होता, त्यानं फोन करून सांगितलं की मायनिंगला भाव आहे. कोचिंगच्या सरांचा व्हिडिओ म्हणायचा, घाबरू नका, आणि पुढचा अर्धा तास घाबरवायचा. जो उठतो तो या पोरीच्या आयुष्यात एक कॉलेज टाकून जातो, जसा देवळापुढून जाणारा माणूस न थांबता घंटा वाजवून जातो. किसनसिंगांना चीड यायची. पण ती यायची आणि आत बसून राहायची, वाचनालयात पंख्याखाली झोपायला येणाऱ्या वाचकासारखी, कोणाला काही न म्हणता.

आणि संजय चुकत होता. ही सगळ्यात मोठी चीड. तो चुकत होता हे त्यांना माहीत होतं, कारण माहितीपुस्तिका त्यांनी पहिल्या पानापासून वाचली होती. घरात दुसरं कोणी वाचेना, म्हणून रंजितानं आणलेली ती जाड छापील प्रत ते दुपारी खाटेवर बसून वाचत. पत्नी सोनीबाई म्हणायच्या, पोथीसारखं कायले वाचता जी, त्यात कोणता देव भेटते? देव नव्हता, पण नियम होता. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर तेच घ्यावं लागतं. पुढच्या फेऱ्या त्या उमेदवाराला बंद. यवतमाळच्या त्या कॉलेजात रंजिताला पहिल्या फेरीत जागा मिळणार, यात शंकाच नव्हती. तिच्याहून कितीतरी कमी मार्कांवर तिथे प्रवेश होत होते. म्हणजे पहिल्या ओळीत ते नाव ठेवून आकडे सांगितले, की पुणं संपलं. मुंबई, नागपूर, सगळं संपलं. यंत्र मानपान बघत नाही हे संजयचं खरंच होतं, आणि तेच तर भयंकर होतं. माणसानं जे पहिलं लिहिलं तेच त्याला सगळ्यात जास्त हवं आहे, असं ते यंत्र भाबडेपणानं धरून चालतं. शिष्टाचार म्हणून कोणी काही पहिलं लिहीत असेल, ही शंका त्याला यायची नाही. पंगतीत 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' म्हणणाऱ्या माणसांमध्ये ते कधी बसलेलंच नाही.

हे सांगायला हवं होतं. पण लगेच दुसरा आवाज उठला. आपल्याला खरंच समजलं आहे ना? तो परिच्छेद त्यांनी तीनतीनदा वाचला होता आणि दर वेळी वाटलं होतं, असं कसं असेल, छापताना काही राहिलं असेल. संजय बाहेर फिरतो, चार लोकांशी बोलतो. आपण काय, कागद वाचणारा माणूस. कागदात असतं तसं जग कुठे असतं? आणि नावांच्या क्रमाबद्दल बोलणारे आपण कोण? त्या बाबतीत तर आपण एकदा शोभा करून बसलो आहोत.

अंजूच्या लग्नाची पत्रिका. त्यांच्या मुलीचं लग्न, प्रेसमधून कच्ची प्रत आलेली, आणि खाली विनीत म्हणून भाऊबंदांची नावं. कोणाचं आधी, कोणाचं नंतर, यावरून घरात दोन दिवस धुसफूस चाललेली. किसनसिंगांना त्यावर एक इतका स्वच्छ उपाय सुचला होता की रात्री त्यांना आनंदानं झोप आली नाही. नावं अकारविल्हे लावायची. ग्रंथपालाचं डोकं. अ आधी, मग क, मग प, मग ब. यात कोणाचा मान नाही, कोणाचा अपमान नाही. त्यांनी कोणाला न विचारता तशी लावली आणि पत्रिका छापून आल्या. चुलतभाऊ बाबूसिंग, घराण्यातला सगळ्यात मोठा माणूस, बंजारा तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या, शेजारी बसणारा, त्याचं नाव आलं पाचवं, स्वतःच्या मुलाच्या, पूनमसिंगच्या, खाली. बाबूसिंग लग्नाला आला. मांडवात पहिल्या ओळीत ताठ बसला. अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला. पुढे कितीतरी वर्षं तो या घरचं पाणी प्याला नाही. दारावरून जायचा, सोनीबाईंना राम राम करायचा, आणि त्यांनी लोटा पुढे केला की हसून म्हणायचा, "तहान नाही बाई, अ पासून ब परेंत आलो, लय चाललो नाही." सगळा तांडा हसायचा. किसनसिंगही हसायचे, कारण विनोद चांगला होता. तो मेला तेव्हा खांदा द्यायला गेलेल्या किसनसिंगांना कळेना की आपण कुठे उभं राहायचं, पुढे की मागे. आणि त्याच बाबूसिंगाच्या मुलानं, पूनमसिंगनं, काही एक मनात न ठेवता रंजिताला दोन वर्षं स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. पोरीला ताप आला तर रात्रभर बसला होता. त्याला खाली टाकायचं?

"आबा, वेळ चालला," प्रियंका म्हणाली. "थोडा वेळच राहते थो नंबर. मंग पुन्हा पाठवा, पुन्हा साइट लटकन."

"द्या हो काका," रांगेतून कोणी ओरडलं. "आमचा विमा राह्यला ना!"

संजयनं हात पुढे केला. "आना, मीच वाचतो. तुम्हाले दिसत नसन."

हात पुढे आला आणि किसनसिंगांनी फोन सदऱ्याच्या खिशात परत टाकला. त्यावर तळवा ठेवला. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. हातानं केलं. खिशावर दाबलेल्या स्वतःच्या हाताकडे ते जरा चकित होऊन पाहत राहिले. उघडं पडलेलं पुस्तक बंद करून ठेवावं तसा तो हात शांत होता. बाकीचे किसनसिंग मात्र घामानं भिजले होते.

"बाबा?"

"थांब."

"थांब काय थांब? शेवटचा दिवस हाय!"

"थांब म्हटलं ना."

संजयचं तोंड उघडं राहिलं. त्याला बाप रागावलेला माहीत नव्हता. रागावलेला बाप कसा दिसतो याचा त्याच्याकडे नमुनाच नव्हता, त्यामुळे आपण घाबरावं की हसावं हे त्याला कळेना. "पाह्य," तो शेवटी रंजिताला म्हणाला. "आता तूच सांग तुह्या आबाले. पत्रिकेत केलं तेवढं कमी झालं, आता इथी करून राह्यले."

 रंजिता सकाळपासून बोलली नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. पडद्यावरच्या पहिल्या ओळीकडे तिची नजर होती आणि त्या नजरेत आश्चर्य नव्हतं. किसनसिंगांना एकदम आठवलं. माहितीपुस्तिकेच्या त्या पानावर, त्या परिच्छेदाखाली, पेन्सिलची बारीक रेघ होती. इतकी पुसट की कोणी पाहिली तर पुसता यावी. ते स्वतः पुस्तकांवर कधी रेघ मारत नसत, वाचनालयाची शिस्त. त्यांनी तेव्हा ती रेघ पाहिली होती आणि पुढचं पान उलटलं होतं.

"तू वाचलंतं ना थे?" ते हळूच म्हणाले. "पयल्या नंबरचं."

तिनं मान हलवली. हो.

"मंग बोलली काहून नाही?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे सोनीबाईंचे होते, पण पाहण्याची रीत त्यांची स्वतःची, खालून, अर्धवट, जणू पाहायला परवानगी हवी. "तुम्ही बी वाचलंतं आबा," ती म्हणाली. "तुम्ही काहून नाही बोलले?"

उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असेल, इतकी वर्षं न बोलता राहिलेला माणूस आहे, सांगेल कारण. आणि त्यांना कारण सापडेना. बाबूसिंग सापडला, पत्रिका सापडली, वाचनालयातला पंखा सापडला, कारण सापडेना. त्यांना दिसली ती फक्त एक पोरगी, पूनमसिंगच्या घरी दोन वर्षं, भाजीत मीठ कमी असलं तरी न सांगणारी. घरी आली की सगळ्यांत शेवटी जेवणारी. घरात सगळे तिचं कौतुक करायचे, आबांवर गेली म्हणून. त्यांनाही ते ऐकून बरं वाटायचं. उंची, रंग, वाचनाची आवड, काय काय जातं माणसाचं पुढे. आणि हेही गेलं होतं तर. ही खाली मारलेली पुसट रेघ.

"संपला ओटीपी," प्रियंका म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकली. "आता बोला, काय करायचं थे ठरवून सांगा. तवरीक मी विमे घेते."

"नोको घेऊ," किसनसिंग म्हणाले. "यादी उघडी ठेव. पुणं वर घे. सकाळी होतं तसं कर."

"बाबा, पूनमदादाले मी सांगून बसलो!"

"मी बोलतो त्याच्याशी."

संजय हसला. चिडून हसला, पण हसला. फोनवर समोरचा हॅलो म्हणाला तरी ज्यांना धाप लागते, ते बोलणार. "तुम्ही? काय बोलसान?"

तेच तर किसनसिंगांना माहीत नव्हतं. फोन लावताना बोटं चुकली, पीक विम्याच्या रांगेतल्या एकानं त्यांना नाव शोधून दिलं. घंटी वाजत होती आणि ते मनातल्या मनात प्रार्थना करत होते की त्यानं उचलू नये. त्यानं लगेच उचलला.

"काका! बोला. झालं का? संजय म्हणत होता, पयलंच टाकलं म्हून."

"टाकलतं," किसनसिंग म्हणाले. "आता काढलं."

"काय म्हणता?"

"काढलं म्हटलं. वरतून काढलं." आपला आवाज दुकानभर गेला हे त्यांना जाणवलं, पण आता तो परत आणता येत नव्हता. "पयलं टाकलं तं थेच भेटते पूनम. मंग दुसरं नाही भेटत. म्हून खाली घेतलं. सगळ्यायच्या खाली."

पलीकडून, "आमचं वाईट हाय का काका?"

"नाही. वाईट कायले?"

"मंग?"

 वाईट नाही, पण. आम्ही विसरलो नाही, पण. तुझ्या बापाचा मान, पण. सगळी वाक्यं 'पण'पाशी येऊन थांबत होती. पूनमसिंगनंच विचारलं, आणि त्याचा आवाज आता थोडा बदलला होता, बाबूसिंगच्या आवाजाच्या बाजूला झुकला होता. "पोरगी म्हणाली का असं? का तुमचंच हाय?"

त्यांनी रंजिताकडे पाहिलं. फोनचा आवाज मोठा होता, तिनं ऐकलं होतं. तिनं ओढणीचं टोक बोटावरून सोडलं आणि हात पुढे केला. संजय म्हणाला, "रंजू, नोको." ती उठून उभी राहिली आणि फोन घेतला.

"काका, मी म्हणाली," ती म्हणाली. "मले पुणं पाह्यजे."

मग ती ऐकत राहिली. हो. हो काका. नाही. काकूले मी सांगते. हो. तिनं फोन कानाशी घट्ट दाबला होता, किसनसिंगांना पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. रांगेतले सातबारे हलायचे थांबले होते. भिंतीपलीकडे कोणी तरी औषधाच्या डब्यांचे खोके उतरवत होतं, ते एकावर एक आदळत होते. रंजितानं फोन कानावरून काढून त्यांच्या हातात दिला. तिचं कपाळ घामेजलं होतं आणि ती धावून आल्यासारखी श्वास घेत होती.

"काय म्हणला?" संजयनं विचारलं.

"बरं, म्हणले."

"निस्तं बरं?"

"निस्तं बरं."

ते बरं कसं होतं, हे आता दिवाळीत कळणार होतं, पूनमसिंग फराळाला येतो की नाही, आणि आला तर पाणी पितो की नाही. संजय भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांनी पुसलं. "तुम्ही दोघं ना," तो म्हणाला. किसनसिंगांना त्याची दया आली. सगळ्यांची सगळीकडे भीड सांभाळायची म्हणजे किती बोलावं लागतं माणसाला. न बोलणाऱ्यांपेक्षा त्याचंच ओझं मोठं असेल. आणि नियम आपण उलटा वाचला असेल तर? तो विचार आलाच. पुणं पहिलं टाकून पुणं मिळालंच नाही तर? तिथे पोरगी एकटी पडली, रडत परत आली तर? सगळं शक्य होतं. कागदावर यातलं काही लिहिलेलं नव्हतं.

"पाठवला पुन्हा," प्रियंका म्हणाली. "पुणं पयलं. पाहून घ्या आबा, मंग म्हणसान चुकलं."

त्यांनी पाहिलं. रंजितानंही वाकून पाहिलं, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, पडद्याला लावून, ठसा उमटेल असं.

हातातला फोन थरथरला. त्यांनी तो दूर धरला, जवळ धरला.

"चार," किसनसिंग म्हणाले. "शून्य. नऊ. नऊ." वाचनालयात दुपारच्या वेळी असा आवाज कोणी काढला असता तर त्यांनीच मान वर करून पाहिलं असतं. "दोन. सात."

कोणीही 'काय म्हणता' म्हणालं नाही.